मणाचा भार

आमचे हे ताठ. स्वभावाने नव्हे हो, पाठीने. मला बघायला आले तेव्हा खुर्चीला पाठ न टेकता बसले होते, आणि माझ्या वडिलांनी तेवढ्यावरच होकार देऊन टाकला. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत यांना लांबून चालीवरून ओळखायचे. आमची लेक जाई गृहपाठ करताना वाकली की आतून आवाज यायचा, "जाई, पाठ!" बास, तेवढंच.

तर अठ्ठ्याण्णव साली हा माणूस एकाएकी वाकला. सकाळी बूट घालताना जो वाकला, तो तसाच राहिला. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड ठीक आहे म्हणाले आणि कंबरपट्टा दिला. हाड ठीक तर पट्टा कशाला? मी विचारलं, तर डॉक्टर हसले. डॉक्टर हसला की मला संशय येतो. मला तसा सगळ्यांचाच येतो. भाजीवाला एका दमात दोनदा 'ताई' म्हणाला की मी आधी तराजू बघते.

शेजारच्या मालतीबाई म्हणाल्या, "अगं, उसण भरली असेल. दिवाळे गावात चांगुणाबाई आहे, पायाळू. तिचा पाय लागला की उतरते." पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेली. असा पाय पाठीला लावला की उसण जाते, हे माझी आईही सांगायची. पण आईच्या गावातला पायाळू सगळ्यांना ठाऊक होता. या बाईची ग्वाही कोण देणार?

तरी रविवारी यांना घेऊन गेले. चांगुणाबाई अंगणात सुकट पसरत होती. थोराड बाई, पायाला मासळीचा वास. मी म्हटलं, "नक्की पायाळू ना तुम्ही?"

"माजे आयशीला इचार," ती म्हणाली. "वरती हाय ती. जातेस?"

यांना तिने चटईवर पालथं निजवलं आणि डावा पाय पाठीवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आणि आमचे हे, जे स्वतःचे वडील गेले तेव्हा डोळ्याला रुमाल लावून स्टुलावर ताठ बसले होते, ते चटईत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागले! मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. वर रागही आला. हिने काय केलं यांना?

निघताना तिने मला बाजूला घेतलं. "ही उसन नाय, बाय. याचे पाठीवर मनाचा भार हाय. त्यो उतरव आधी."

आता इकडच्या लोकांचं बोलणं मला चांगलं कळतं. 'ण'चा 'न' करतात. पाण्याला 'पानी', 'कोण'ला 'कोन'. म्हणजे मनाचा नव्हे, मणाचा! मणाचा भार! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे महाप्याला कंपनीत स्टोअर सांभाळायचे. हमाल वाचवायला तो मॅनेजर यांच्याकडून पिंपं उचलून घेत असणार, आणि हे भिडस्त, घरी सांगत नाहीत. अस्सं!

सोमवारी हे डबा घेऊन गेल्यावर मीही निघाले. मॅनेजरला काय काय सुनावायचं ते बसमध्ये बसून ठरवलं. महाप्याला उतरले तर कंपनीच्या फाटकाला कुलूप. आत चिटपाखरू नाही. वॉचमन हिरामण स्टुलावर बसून बिडी ओढत होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला पेढे न्यायला घरी आलेला, म्हणून ओळखीचा.

"वहिनी, तुम्ही इथे?" तो उठलाच. "कंपनी बंद होऊन पंधरवडा झाला की. साहेबांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना," मी म्हटलं. "मी सहज आले होते."

सहज! महाप्याला कोण सहज येतं? परतीच्या बसमध्ये मला घाम फुटला. पंधरवडा हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघतो. जातो कुठे? डबा खातो कोण? नाही नाही ते मनात आलं. बाई? दारू? आणि मग ते अंगण आठवलं, चटईतलं ते रडणं आठवलं, आणि चांगुणाबाईचा शब्द आठवला. तिने जो म्हटला होता तोच. मीच शहाणी, त्याला 'ण' लावत बसले होते.

संध्याकाळी हे नेहमीच्या वेळेला आले. वाकलेले. डबा रिकामा.

"आज काम फार होतं?" मी विचारलं.

"नेहमीचंच. माल आला होता," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मला इतकं भरून आलं की चिडायचंही सुचलं नाही. जाई खाली खेळायला गेली होती. दार लावलं आणि म्हटलं, "पालथे निजा."

"आता तेल नको, सरोजिनी."

"तेल नाही. निजा."

निजले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण झोपेत यांना माझा पाय लागला तरी मी उठून नमस्कार करते. मी काही पायाळू नाही, चांगली डोक्याकडून जन्मलेली आहे. तरी साडी सावरली आणि डावा पाय यांच्या पाठीवर ठेवला. दाबला नाही. पाठ लाकडासारखी होती.

"अगं, हे काय?"

"बोला," मी म्हटलं. मला सगळं ठाऊक आहे, हे जिभेवर आलेलं गिळलं. हे यांनीच सांगायला हवं होतं.

खाली मुलं ओरडत होती. मग माझ्या पायाखाली पाठ हलली.

"कंपनी बंद झाली गं. मी दिवसभर खाडीवर बसून असतो. डबा कुत्र्यांना घालतो. घशाखाली उतरत नाही."

मी पाय काढला, खाली बसले आणि यांच्या पाठीला हात लावून नमस्कार केला.

"उद्यापासून डबा दोघांचा भरते," मी म्हटलं. "मीही येते खाडीवर."