परंपरा आहे, आप्पा

त्या काळी मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला बराच वेळ थांबायची. एका टोकाचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं असायचं. माझे वडील, आप्पा, तिथल्याच लोको शेडमध्ये फिटर होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझा थोरला भाऊ लष्करात अधिकारी व्हायला उत्तरेकडच्या एका अकादमीत गेला होता. पहिल्या सुट्टीला तो घरी येत होता. मी नववीत होते. आमच्या वस्तीतला पोरगा ऑफिसर होणार म्हणून शेडमधली माणसं झेंडूचा हार घेऊन फलाटावर आली होती. घर हाकेच्या अंतरावर, तरी आईनं पुरणपोळ्यांचा डबा आणलाच.

दादा उतरला. ब्लेझर, टाय, बारीक कापलेले केस. आप्पांनी त्याच्या गळ्यात हार घातला. तेवढ्यात तसाच ब्लेझर घातलेला एक मुलगा शेजारच्या डब्यातून चहा प्यायला उतरला. दादाच्याच अकादमीतला, एका वर्षानं पुढचा, पुण्याला निघालेला. हाराकडे बघून त्यानं हसतच विचारलं, "किसकी परमिशन से पहना?"

दादा ताठ उभा राहिला. "सॉरी सर."

"चलो, रोलिंग. नल तक."

आणि माझा भाऊ फलाटावर कोलांट्या मारत निघाला. पानाच्या पिचकाऱ्या, शेंगांची टरफलं, इंजिनाची राख, कुणाच्या तरी लेकरानं केलेली घाण, सगळ्यावरून. हार तुटला. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, फीट आलीय, कांदा हुंगवा. आप्पा धावले, त्याला धरायला वाकले. दादा खालूनच म्हणाला, "मधे येऊ नका. परंपरा आहे, आप्पा."

नळाशी तो उठून उभा राहिला, तेव्हा त्या मुलानं आप्पांशी हात मिळवला. "अंकल, आपका बेटा बढिया ऑफिसर बनेगा." मग आईच्या हातातला डबा त्यानं आपणहून उघडला, पोळी खाल्ली, छान आहे म्हणाला, रुमालानं बोटं पुसली आणि गाडीत चढला. त्याची ती स्वच्छ बोटं मला आजही दिसतात. रागाच्या आधी मला किळस आली.

घरी दादानं अंघोळ केली. कोपरं सोलली होती. आई हळद लावत होती आणि तो मात्र मजेत अकादमीच्या गोष्टी सांगत होता. पहिल्या वर्षाच्या मुलांनी अमक्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. सीनियर दिसला की धावायचं. आणि पहिल्या महिन्यात एकदा 'कॉकटेल' प्यायचं. म्हणजे मगमध्ये उरलेलं सूप, दूध, लोणच्याचं तेल, अंड्याचा बलक, आणि वर सगळ्यांची थुंकी. "एकानं ओकलं, तर तेही त्यातच धरलं," दादा म्हणाला आणि हसला. आईचा हात थांबला. मी मोरीकडे पळाले.

आप्पांनी शांतपणे विचारलं, "आन् हे लढाईत कुठं कामाला येतं?"

"माणूस कणखर होतो. पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, आप्पा."

"माझा बाप मांडवगणाच्या वाटंला पायातलं पायताण काढून हातात घ्यायचा. समोरून कोण आलं की वाकून जोहार घालायचा. तेबी पिढ्यान्पिढ्याच व्हतं. त्येच्यापायी गाव सोडलं, दीक्षा घेतली, तुला शिकवलं."

"ती जातीची गोष्ट होती. इथं सगळ्यांना सारखंच."

"सगळ्यांना सारखी वाढली म्हंजी घाण घाण ऱ्हात न्हाई व्हय?"



पुढच्या वर्षी सुट्टी संपताना शिरूरकडचा एक मुलगा आमच्याकडे आला. धनगराचा. आजोबा मेंढ्या घेऊन फिरलेले, वडील शेतकरी. तो त्याच अकादमीत नवा होता आणि दादाबरोबर परत जायचं म्हणून एसटीनं दौंडला आला होता. दादासाठी त्यानं घरची घोंगडी आणली होती. आई भाकरी थापत होती, त्याला बसायला पाट दिला होता. दादानं त्याला विचारलं, "कॉकटेल झालं का तुझं?"

"न्हाई, सर. मी तवा दवाखान्यात होतो."

दादानं आमच्या घरातला तांब्या घेतला. चहाचा चोथा, कालची आमटी, लोणच्याचा खार आणि खरकट्याचं पाणी त्यात ओतलं आणि शेवटी स्वतः थुंकला. आई ओरडली, "अरे, काय करतोयस!" तो मुलगा ताठ उभा राहून प्याला. मग धुण्याच्या दगडाशी जाऊन ओकला. दादा म्हणाला, "शाबास."

आप्पा ड्यूटीवरून आले ते नेमके त्याच वेळी. त्यांनी तांब्या उचलून वास घेतला आणि दाराबाहेर भिरकावला. मुलाच्या पाठीवरून हात फिरवून ते म्हणाले, "बाळा, तोंड धू. जेवून जा." मग दादाकडे वळले. "तुझी ट्रंक उचल आन् फलाटावर जाऊन बस. माझ्या दारात हे चालायचं न्हाई."

दादानं ब्लेझर चढवला, ट्रंक घेतली. मुलाला म्हणाला, "चल." आणि तो गेला! ओले ओठ मनगटानं पुसत, आईकडे न बघता, दादाच्या मागोमाग. तव्यावरची भाकरी करपली.

दादा यथावकाश ऑफिसर झाला. आप्पा त्या समारंभाला गेले. संचलन बघून डोळे भरून आले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पण नंतरच्या चहापानाला ते थांबले नाहीत.

मी शिकून शिरूरच्या शाळेत लागले, तेव्हा तो मुलगा मला एसटी स्टँडवर भेटला. अकादमी त्यानं पहिल्याच वर्षी सोडली होती. आता वडिलांबरोबर शेती करत होता. त्यानंच मला ओळखलं, दादाची खुशाली विचारली. मी म्हणाले, "त्या दिवशी आमच्या घरी दादा तुझ्याशी फार वाईट वागला रे."

"दादांचा काय दोष न्हाई, ताई. समद्यांनीच सोसलं ते. लई जण टिकले, मीच कमी पडलो. गावातबी तसंच म्हणत्यात."

माझी गाडी लागली होती. "तू कमी पडला नाहीस," मी म्हणाले. त्याला ते पटलं नाही. तोंडावर दिसतच होतं.