मुळेच्या वाळूत घरगाडी

नगरच्या माणसाला समुद्राचं वेड लागलं की घरच्यांचे हाल होतात, कारण समुद्र जवळ येत नाही आणि वेड जात नाही. आमच्या यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते निवृत्तीनंतर लागलं. आयुष्यभर एमआयडीसीत यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, घरी बसून करणार काय? एका लिलावातून जुना फोर-बाय-फोर ट्रक उचलून आणला, सावेडीतल्या आमच्या दारात उभा केला आणि त्याच्या पाठीवर घर बांधायला घेतलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, मागे दार आणि दाराला पायऱ्या. टपावर दिव्यांची रांग. रंग पांढरा, उन्हात तापू नये म्हणून. मी नोकरीतून सुटले होते ती जरा आराम करायला, आणि इथे माझ्या जेवणाच्या टेबलावर गिअरबॉक्सचे तुकडे वाळत पडलेले. मी रोज भांडायचे आणि रोज चहा करून द्यायचे.

यांना हवं होतं एवढंच: गाडी कोकणात न्यायची, जमेल तितकी समुद्राजवळ उभी करायची आणि मागचं दार सताड उघडं टाकून लाटांच्या आवाजात झोपायचं. दार उघडं ठेवण्याची खोडच होती यांना. सावेडीतही आमचं दार दिवसभर उघडं असे. कुरिअरवाला पाणी पिऊन जाई, मीटर बघायला आलेला माणूस सोफ्यावर बसून स्वतःच्या सासूची गाऱ्हाणी सांगे आणि हे ऐकत बसत. मी चिडायचे, पण मी या माणसाशी लग्न केलं ते याच गोष्टीसाठी केलं, हेही खरं आहे.

वाळूत गाडी चालवणं रस्त्यावर चालवण्यासारखं नाही. आधी टायरांतली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. मग लो गिअर टाकायचा, एकसारखं चालत राहायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही, झटक्याने वळायचं नाही. याचा सराव समुद्रावर जाण्याआधी करायला हवा आणि आमच्या जिल्ह्यात वाळू म्हणजे नदीची. म्हणून एका संध्याकाळी राहुरीच्या पुढे मुळा नदीच्या पात्रात गाडी उतरवली. पाणी पार पलीकडच्या काठाला लागलेलं, अलीकडे नुसती वाळू. वाळूचोरांबद्दल आम्ही पेपरात वाचलेलं होतं, पण चोर अंधारात येतात आणि उजाडायच्या आत जातात अशी आमची सावेडीची समजूत. दार उघडं टाकून छान झोपलो.

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. मी आत शेगडीवर चहा ठेवला होता, पोहे परतून झाले होते. हे बाहेर पुढच्या चाकाशी उकिडवे बसून हवा सोडत होते. मी आतापर्यंत ही गाडी फक्त डांबरी रस्त्यावर चालवली होती, त्या दिवशी मला वाळूत शिकवायचं ठरलं होतं. ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शेताला निघालंय.

मग पुढची काच फुटली.

फुटली म्हणजे एकाच दगडाने नाही. पहिल्याने जाळी पडली, दुसऱ्याने भोक, तिसरा दगड आत येऊन सीटवर आदळला. मी मागच्या दारातून डोकं काढलं. नंबर नसलेला ट्रॅक्टर, मागे रिकामी ट्रॉली, पाच-सहा जण फावडी घेऊन पळत येत होते. "पथक हाय! सायबाला धरा!" असं कुणीतरी ओरडलं. पथक म्हणजे वाळूचोर पकडायला येणारे महसूलचे लोक. उंच पांढरी गाडी, टपावर दिवे, नदीच्या मधोमध उभी. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

हे उठले. दोन्ही हात वर केले आणि हसले. खरंच हसले. "अहो, थांबा, आम्ही फिरायला आलोय," असं म्हणाले. वाळूच्या पात्रात कुणी फिरायला येतं, यावर त्या भागात कोण विश्वास ठेवणार? पुढच्या तरुणाने फावड्याचा दांडा यांच्या डोक्यात घातला. आवाज मला अजून ऐकू येतो. हे गुडघ्यावर बसले तसा त्याने दुसरा कानाखाली घातला आणि हे चाकाशी आडवे झाले. मग बाकीच्यांनी लाथा सुरू केल्या. पोटात, पाठीत, जिथे लागेल तिथे.

माझ्या डोक्यात सणक गेली. चहाचं पातेलं सांडशीने उचललं, पायऱ्या उतरले आणि उकळता चहा त्या दांडेवाल्याच्या तोंडावर फेकला. तो गाल धरून किंचाळला आणि मला बरं वाटलं. रिकामं पातेलं दुसऱ्याच्या नाकावर हाणलं. कुणीतरी मागून माझा अंबाडा धरून मला वाळूत आपटलं. त्याचं मनगट तोंडाशी आलं तसं मी कडाडून चावले आणि रक्ताची चव लागेपर्यंत सोडलं नाही. मला त्यांना समजवायचं नव्हतं, मला त्यांना मारायचं होतं. मी तोवर कधी कुणाला साधी चापट मारली नव्हती.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली मागे घेतली आणि आमच्या गाडीच्या मागच्या अंगावर घातली. सगळी गाडी हलली. आतली भांडी, डबे, पाण्याचा कॅन, सगळं कोसळलं. त्याने पुन्हा घातली. दार एका बिजागरीवर लोंबकळायला लागलं आणि आतलं सगळं उघडं पडलं: सांडलेले पोहे, पलंग, उशा, दोरीवर वाळत घातलेला माझा परकर.

ट्रॅक्टर चालवणारा वयस्कर माणूस मान वळवून बघत राहिला.

"आरं थांबा!" तो ओरडला. "पथक न्हाई हे. हितं तर सैपाक चाललाय!"

सगळे थांबले. माझे केस धरणारा हात सुटला. तो माणूस खाली उतरला, परकराकडे बघायचं टाळत माझ्यापाशी आला आणि रागावून म्हणाला, "मावशी, आदी सांगायचं न्हाई का? आमाला वाटलं तहसीलदार."

"तहसीलदार असता तर मारला असता?"

"मंग काय!" तो म्हणाला. त्यात त्याला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण यांच्या कानातून रक्त येत होतं आणि डोळे वर गेले होते. मी म्हटलं, "उचला यांना. पलंगावर ठेवा." तिघं केव्हाच पळाले होते. त्या म्हाताऱ्याने आणि आणखी एकाने यांना उचलून आत ठेवलं. मी साडी फाडून डोकं बांधलं. गाडी सुरू केली तर मागचं चाक जागीच फिरायला लागलं, ट्रॉलीच्या धडकांनी ते खोल गेलं होतं. शेवटी त्यांच्याच साखळीने, त्यांच्याच ट्रॅक्टरने आमची गाडी ओढून काढली. मला ती मदत घ्यावी लागली याचा राग मारापेक्षा जास्त आहे. पुढे काच नव्हती, वाळू सरळ डोळ्यांत येत होती. लो गिअर, एकसारखा वेग, ब्रेक नाही. आतून हे कण्हत होते तोवर मला धीर होता. चढ चढून वर आले तेव्हा कण्हणं थांबलं आणि मी रडत, शिव्या देत नगरपर्यंत गाडी मारली. बापाच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या शिव्या मला पाठ होत्या, हे त्या दिवशी कळलं.

हे वाचले. कवटीला तडा होता, डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. दवाखान्यात तो म्हातारा मोसंब्यांची पिशवी घेऊन आला. "पडले म्हना की मावशी, पोरं बारकी हायेत," असं म्हणाला. मी पिशवी जिन्यावरून खाली फेकली आणि पोलिसांना सगळं सांगितलं. ज्याचा गाल चहाने भाजलाय त्याला धरा, असं सांगितलं. धरला. तारखा पडतायत.

हे मात्र तारखेला येत नाहीत. सावेडीतलं दार आता दिवसाही बंद असतं. कुरिअरवाला पाकीट फटीतून सरकवून जातो. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की हे उठून आतल्या खोलीत जातात. घरगाडी मीच गॅरेजवाल्याकडून नीट करून घेतली. यांनी फक्त एक काम सांगितलं: मागच्या दाराला आतून तीन कड्या.

मला वाटलं, समुद्र पाहिला की माणूस पहिल्यासारखा होईल. यंदा थंडीत मीच गाडी कोकणात नेली. वाळूत उतरवायचं नाव यांनी काढू दिलं नाही, म्हणून सुरूच्या बनात कडेला उभी केली. तिथून लाटा दिसतात, ऐकूही येतात. मी हट्टाने दार उघडं ठेवलं आणि पाण्यात पाय बुडवून यायला गेले. परत आले तर दार लावलेलं.

मी हाक मारली. उत्तर नाही. यांचा उजवा कान उशीवर असेल, म्हणून मोठ्याने मारली. मग माझं डोकं फिरलं. इतका खर्च, इतका प्रवास, आणि समुद्राकडे पाठ करून कड्या लावून बसायचं? मी दोन्ही मुठींनी दार बडवलं, लाथ घातली, "उघडा म्हणते ना!" म्हणून ओरडले. आतून पलंग ओढल्याचा आवाज आला. हे पलंग दाराला लावत होते.

मी लाथ मारायला उचललेला पाय खाली ठेवला. सोललेली बोटं पदरात धरली, दाराला तोंड लावलं आणि जमेल तितक्या हळू म्हटलं, "अहो, मी आहे."

मग आतून यांनी विचारलं, "किती जण आहात?"