भाऊजींनी केलेली अर्थिंग

माझ्या बायकोला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत — फोनचा, बँकेचा, अगदी जुन्या मेलचासुद्धा. ही एक गोष्ट मात्र तिला माहीत नाही. आईला नाही, आणि ताईला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. धैर्य वगैरे आलं आहे असं समजू नका. थकलो आहे, बस. एकच खोटं इतकी वर्षं सांभाळायचं म्हणजे त्याचाही शेवटी कंटाळा येतो.

कुठून सुरू करू? कूलरपासून करतो.

मी गोंदियात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. एडिटिंगला आमच्या धंद्यात मिक्सिंगच म्हणतात. फोटोग्राफर लग्न शूट करून आणतो आणि आम्ही हळदीपासून बिदाईपर्यंत सगळं कापून, जोडून, गाणी टाकून त्याचा सिनेमा करून देतो. आता माझी स्वतःची लहानशी लॅब आहे. तेव्हा मी शेठच्या लॅबमध्ये कामाला होतो, जवळच्या मुर्री गावातल्या घरून रोज मोटारसायकलनं यायचो-जायचो. लॅबमधला कूलर करंट मारायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात यात नवल काही नाही — लोखंडी डबा, आत पाणी, बाहेर कोणाचा तरी ओला हात. एक दिवस शेठलाच चांगला झटका बसला. तेव्हा मीच म्हटलं, थांबा, माझ्या भाऊजींना बोलावतो.

मीच बोलावलं त्यांना. हे लक्षात असू द्या.

घनश्यामभाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मालक. इलेक्ट्रिशियन. लग्नाच्या सीझनमध्ये मंडपवाल्यांची लाइटिंग करायचे, बाकी वर्षभर घरांची वायरिंग. माणूस कमी बोलणारा, पण कामाच्या बाबतीत भारी काटेकोर. बोर्ड लावून झाला की चार पावलं मागं सरकून त्याच्याकडे पाहत उभे राहायचे. घरातली बाई म्हणायची, झालं ना भाऊ? हे म्हणायचे, थांबा, जरा वाकडा दिसून राहिला. आणि पुन्हा खोलायचे. ताई वैतागायची, कारण जेवण थंड व्हायचं. मला मात्र त्यांचा अभिमान होता — खरंच होता. माझे भाऊजी म्हणून मीच चार लोकांना त्यांचा नंबर द्यायचो.

ते भर मे महिन्यात दुपारचे आले. लॅबच्या मागं खड्डा खणला, प्लेट पुरली, मीठ-कोळसा टाकला, पाणी ओतलं. कूलरला आणि कॉम्प्युटरच्या बोर्डाला नवीन अर्थिंग दिली. कूलरच्या जाळ्यांमध्ये पाणी झिरपायचं नवं गवतही भरून दिलं, ते काही त्यांचं काम नव्हतं. मग आपला हात पाण्यात बुडवला आणि तसाच ओला हात चालू कूलरवर ठेवून शेठला दाखवला. काही नाही. शेठ खूश झाले. भाऊजी चहा पिऊन घरी गेले.

आता दुसरा दिवस. इथंच मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही इथंच थांबतो.

शेठ कुठल्याशा लग्नाला गेले होते. लॅबमध्ये मी एकटा. कॉम्प्युटरमध्ये एक वेगळं कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड — पडद्यावरच्या चित्रांचं सगळं ओझं तेच उचलतं. शेठनं सीझनआधी नवं कार्ड आणलं होतं, महागडं. त्याचा खोकासुद्धा त्यांनी काउंटरच्या मागं मांडून ठेवला होता. आणि मी फोनवर व्हिडिओ पाहिले होते, की हे कार्ड कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. एक सॉफ्टवेअर टाकायचं, त्यातली पट्टी माउसनं उजवीकडे सरकवायची. व्हिडिओतला तो माणूस हसत हसत करत होता.

काम लवकर उरकावं म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. तेही खोटंच. मिक्सिंगवाल्यांच्या ग्रुपवर रायपूरच्या एका पोरानं आपल्या कार्डाच्या वेगाचा आकडा टाकला होता. सगळे त्याला अंगठ्याचे लाइक देत होते. मला वाटलं, आपणही टाकावा. एवढंच. लग्नाबिग्नाचा काही संबंध नाही.

पहिल्यांदा थोडीच सरकवली पट्टी. काही बिघडलं नाही. टेस्ट लावली, आकडा वाढला. तो आनंद काय सांगू तुम्हाला? दिवसभर दुसऱ्यांच्या वराती कापणाऱ्या माणसाला वाटलं, आज आपण काही तरी केलं. मग आणखी सरकवली. मग आणखी. पडद्यावर रंगीत ठिपके उडायला लागले, कोणी रांगोळी सांडल्यासारखे. कार्ड तापत होतं. आमच्याकडचा मे महिना, खोलीतली हवाच भट्टीची, आतला पंखा तीच हवा फिरवणार. शहाण्या माणसानं काय केलं असतं? पट्टी मागं घेतली असती. मी काय केलं? कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला आणि कूलर ओढून आणून त्याचं तोंड उघड्या कॉम्प्युटरवर केलं.

हसलात का? हसा. मलाही कधी कधी हसू येतं. मला खरंच वाटलं होतं, किती सोपा उपाय. तापमान उतरलंही जरा. मी आणखी पट्टी सरकवली. पण नवं गवत भरलेला कूलर सुरुवातीचे दिवस हवेसोबत पाण्याचे बारीक थेंब फेकतो, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. माझ्या हातावर ते थेंब पडत होते आणि मला ते गार लागून बरं वाटत होतं.

मग पडदा काळा झाला. जळका वास आला.

इथवरचं सगळं मूर्खपणात जमा करता येईल. शेठ ओरडले असते, पगारातून कापलं असतं, फार तर काढून टाकलं असतं. मरत तर नव्हतो. पण पुढच्या वेळात मी काय केलं ते सांगतो, कारण कबुली द्यायची ती त्याची आहे. मी गळ्यातल्या दुपट्ट्यानं कार्ड पुसलं, आतून डबा पुसला, पत्रा लावला. कूलर खिडकीशी जुन्या जागी नेऊन ठेवला. फरशीवर त्याच्या पायांचे ओले ओरखडे उमटले होते, तेही पुसले. काम नीट केलं. भाऊजी करायचे तितकं नीट.

संध्याकाळी शेठ आले. क्या हुआ रे, म्हणाले. मी म्हटलं, पता नहीं शेठ, एकदम से बंद हो गया. ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहू लागले. आणि मग मी ते वाक्य बोललो. कल ही तो नई अर्थिंग हुई थी.

पाहा, यात खोटं काय आहे? कालच झाली होती. मी कोणाचं नावसुद्धा घेतलं नाही. पुढची बेरीज शेठनंच केली. मी फक्त त्यांना करू दिली. पुढं मग फोटोग्राफरांत, मंडपवाल्यांत तेच फिरलं — याच्या जीजानं अर्थिंग दिली आणि दुसऱ्याच दिवशी कार्ड जळालं.

भाऊजींना कळलं तसे ते धावत आले. मागचा खड्डा उकरला. टेस्ट लॅम्प लावला, बल्ब लखलखीत लागला. पुन्हा लावला, पुन्हा लागला, म्हणजे अर्थिंग पक्की होती. बोर्ड खोलून एकेक वायर हातात घेऊन पाहिली. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. मग माझ्याकडे आले आणि हळूच विचारलं, “बाल्या, तू होतास ना इथं? काय झालं होतं नेमकं? मले काही समजून नाही राहिलं.”

शेठ बाहेर फोनवर होते. आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ कोणती मिळणार होती? त्यांनी मला सांभाळून घेतलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, “माहीत नाही भाऊजी. आपोआपच बंद झालं.”

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला. बायकोचा भाऊ आहे, कशाला खोटं बोलेल?

भांडले असते तर बरं झालं असतं. शेठशी भांडले असते, माझं काम पक्कं आहे म्हणाले असते, तर मी त्या आरडाओरड्यात निभावून गेलो असतो. पण त्यांनी माझं ऐकून स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. आपल्या हातून काही तरी चुकलं आहे आणि ते आपल्याला दिसत नाही, असं त्यांनी धरलं. मग ज्या ज्या घरांची वायरिंग केली होती तिथं सायकल काढून जायला लागले, फुकटात तपासायला. लोक म्हणायचे, आमचं तर ठीक चालू आहे भाऊ. हे म्हणायचे, एकदा पाहू द्या. आता स्वतःच येऊन सारखा तपासून जातो म्हटल्यावर लोकांना काय वाटणार? काही तरी गडबड असेल, असंच ना? मंडपवाल्यांनी पुढच्या सीझनला दुसरा माणूस धरला.

आणि आमच्या घरी? जावयाला कोणी बोलत नसतं. आमच्या घरात जावई म्हणजे पाटावर बसवायचा माणूस. बाबांनी ब्रही काढला नाही. पण मागं नवीन खोली बांधली तेव्हा वायरिंगला गोंदियाचा दुसरा मिस्त्री आणला. आई म्हणाली, घनश्यामरावांना वाईट वाटेल. बाबा म्हणाले, “जावयाले कायले तरास द्यायचा?” किती आदरानं म्हणाले. मी तिथंच जेवत होतो. घास गिळला आणि पाणी प्यायलो.

खोलीच्या पूजेला ताई-भाऊजी आले. भाऊजी दारातून आत शिरले आणि त्यांची नजर आधी बोर्डावर गेली. बोर्ड जरासा वाकडा होता. मला दिसला, म्हणजे त्यांना दिसलाच असणार. बाबांनी आग्रह करून दोन पुऱ्या जास्त वाढल्या, त्यांनी खाल्ल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं. चोरखमाऱ्याकडच्या आपल्या गावी गेले, आता नागझिऱ्यात पर्यटकांची जिप्सी चालवतात. बरं चाललं आहे त्यांचं. ताई म्हणते, सकाळी लवकर उठावं लागते, पण मन लागते त्यांचं जंगलात. म्हणजे माणूस काही बरबाद झाला नाही, असंही मी म्हणून पाहिलं आहे. बऱ्याचदा म्हणून पाहिलं आहे. पण आयुष्यभर कमावलेला त्यांचा हात मी त्यांच्याकडून काढून घेतला, आणि कशासाठी — तर शेठनं रागावू नये म्हणून. शेठ तर त्याच वर्षी नवं कार्ड आणून सगळं विसरूनही गेले.

सांगायला मधे कितीदा निघालो. राखीला, दिवाळीला, एकदा तर केवळ त्यासाठी गाडी काढून अर्ध्या रस्त्यातून परत आलो. दर वर्षी ते आणखी कठीण होत गेलं. पहिल्या दिवशी फक्त कार्डाचं सांगायचं होतं. आता बाकी सगळंही सांगावं लागलं असतं.

या उन्हाळ्यात ताईकडे गेलो होतो. भर उन्हात पोचलो. ओसरीत एक अनोळखी पोरगा कूलर खोलून बसला होता, आणि भाऊजी बाजूला खाटेवर. कूलर करंट मारत होता, म्हणून तिरोड्याहून मिस्त्री बोलावला होता. लहानशी वायर होती, पाच मिनिटांचं काम. भाऊजी त्याच्या हाताकडे पाहत होते, मधेच बोटं आपोआप हलत होती त्यांची. भाचीला सारखं म्हणत होते, चप्पल घाल, हात नको लावू. मी बोलून गेलो — का बोललो कोण जाणे — “भाऊजी, तुम्हीच काऊन नाही करत?”

ते हसले. कोणावर राग नाही, काही नाही. “नको बाल्या. माझ्या हातचं नको. लेकरं आहेत घरात.”

ताई आत चहा टाकत होती. मिस्त्री खाली वाकलेला. तोंडापर्यंत आलं होतं सगळं.

मी म्हटलं, “हो, तेही बरोबरच आहे.”

मिस्त्रीनं बटण दाबलं, कूलर सुरू झाला. भाऊजी उठले. हा उन्हातून आला आहे, म्हणाले, आणि चप्पल घालून, दुपट्ट्यात हात गुंडाळून त्यांनी कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. नवं गवत होतं. माझ्या हातावर थेंब पडत होते. मी तसाच बसून राहिलो.