मरीमायच्या कोंबड्याला ठेवलेली वाट

मी जगले म्हणून एक कोंबडा जगला, आणि तो कोंबडा मोकळा राहिला म्हणून माझ्या पाच कोंबड्या मेल्या. हे मी रागाने लिहिते आहे. राग नेमका कुणावर ते लिहिता लिहिता कळेल असं वाटलं होतं. बघू.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. माझी शाळा आठवीत सुटली. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो, त्यामुळे रस्ता जाईल तिकडे आमचं बिऱ्हाड. मेहकरच्या अलीकडे एका गावात आम्ही खोली घेतली. दोन महिन्यांत काम पुढे सरकलं, कामाबरोबर नवराही सरकला, आणि मी खोलीतच राहिले. घराची मालकीण एकटी राहणारी, स्वतःची शेती स्वतः बघणारी म्हातारी. सगळं गाव तिला माय म्हणतं. मीही म्हणते.

पहिल्याच पावसाळ्यात मला ताप आला. तीन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. परक्या गावात आपलं दुखणं काय सांगायचं, असं वाटायचं. चौथ्या दिवशी मायने कडी वाजवली, मी उठले नाही, तेव्हा तिने दार ढकललं. मला जीपमध्ये घातलं आणि चिखलीला मोठ्या दवाखान्यात नेलं. आठ दिवस ती माझ्या खाटेशेजारी पोतं अंथरून झोपली. नवऱ्याला कामावरून सुटता आलं नाही, आणि माझी आई पोचेपर्यंत मी पेज प्यायला लागले होते. आईने आल्या आल्या मायचे पाय धरले. तेव्हापासून मायपुढे माझा आवाज चढत नाही. कसा चढणार?

त्या आठ दिवसांत मायने गावच्या शिवेवरच्या मरीमायला नवस बोलून ठेवला होता. ही पोरगी उठली तर तुझ्या नावाने कोंबडा सोडीन. कापणार नाही, विकणार नाही, कोंडणार नाही. मी उठले. तांबडा, उंच, मानेवर सोनेरी झाक असलेला कोंबडा मरीमायच्या शेंदराला टेकवून आणला गेला आणि अंगणात सोडला गेला. तेव्हापासून तो कुणाच्याही ओट्यावर चढतो, कुणाच्याही ज्वारीत तोंड घालतो, आणि कुणी हाकललं तर माय म्हणते, "देवीचा हाय तो. राहू दे." आपल्या जिवाच्या बदल्यात कुणीतरी चालतंय फिरतंय, हे रोज सकाळी बघायला बरं वाटत नाही.

दवाखान्यातून आल्यावर मायने मला दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, दिल्या. "हात रिकामे ठेवू नको वं, मन खाते मंग." त्या दोन तलंगांच्या वर्षभरात अकरा कोंबड्या झाल्या. पिल्लं याहून कितीतरी जास्त झाली होती, पण घरामागे नाला आहे आणि नाल्याच्या काठाला मुंगूस आहे. मुंगूस दिवसाढवळ्या येतो. भांडी घासता घासता बघावं तर एक पिल्लू कमी. मी दगड घेऊन धावायची, तोवर तो काटेरी झुडपात.

म्हणून मी जाळीचं मोठं आवार करायचं ठरवलं. खुराडं नव्हे. खुराड्यात कोंबडी बसते, जगत नाही. मला असं काही करायचं होतं की ती दिवसभर आत असावी आणि आपण आत आहोत हे तिच्या लक्षात येऊ नये.

शिकलेल्या माणसाने कागद घेतला असता. मी चार दिवस ओट्यावर बसून कोंबड्या बघितल्या. सकाळी त्या कुठे जातात, दुपारी सावलीला कुठे दडतात, राखेत कुठे लोळतात, कमजोर कोंबडीला बाकीच्या टोचतात तेव्हा ती कुठे पळते. मग सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने आखलं. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. एका अंगाला कडुनिंबाची सावली यावी असं. वर पत्रा अजिबात नाही. इकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली कोंबडी शिजून निघेल. वर जाळी आणि तिच्यावर पऱ्हाटीच्या काड्यांचा थर. कापूस निघाल्यावर उभ्या काड्या इथे कुणीही उचलू देतं. कोपऱ्यात राख आणि माती. बसायला वेगवेगळ्या उंचीच्या दांड्या, कारण कोंबड्यांतही मोठेपणा असतो आणि ज्याला त्याला आपापली पायरी लागते. टोचलेलीला लपायला काड्यांचा एक आडवा कूड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालची जाळी. मुंगूस भिंतीच्या पायथ्याशी उकरतो. तो मागे सरून उकरत नाही, एवढी अक्कल त्याला नाही. म्हणून जाळी जमिनीपाशी थांबवायची नाही, बाहेरच्या बाजूला हातभर आडवी वळवून मातीत गाडायची. तो उकरेल आणि जाळीला लागेल. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, त्यांच्याकडे वई, म्हणजे कुंपण, घालण्याचं काम असायचं.

पण वडिलांची माती तांबडी होती. इथली काळी. माय म्हणाली, "हे माती जागा सोडते बरं. उन्हाळ्यात भेगा पडतीन आन तुहे खांब दात हालल्यासारखे हालतीन." तिने खड्ड्यांत मुरूम आणि दगड ठासायला लावले. स्वतः कुदळ घेऊन उभी राहिली. हे मी विसरत नाही. राग असला तरी विसरत नाही.

मायचा पुतण्या शेजारीच राहतो. तो दिवसातून दोनदा येऊन बघायचा.

"काऊन वहिनी, मंगल कार्यालय बांधून राह्यल्या का?"

"कोंबड्यांसाठी आहे."

"अरे बाप्पा! मले वाटलं तुमच्या तिकडून वऱ्हाड येऊन राह्यलं. फाटकावर नाव काय टाकता?"

मी हसायची. परक्या गावात हसावं लागतं. दात दुखायचे हसून.

काम संपत आलं, शेवटची जाळी ताणून तारेने बांधायची राहिली होती, तेव्हा माय आली. आवाराला एक फेरी मारली. मला वाटलं, आता शाबासकी.

"आन त्याची वाट कुठी हाय?"

"कुणाची?"

"देवीच्या कोंबड्याची."

मी म्हटलं, तो बाहेरच असतो की. त्याला मी आत घेणारच नाही.

"त्याच्या साऱ्या कोंबड्या आत. त्याले आत यावं वाटलं तं? आला आन मंग बाहेर जावं वाटलं तं? दार तं तू लावशीन. म्हंजे कोंडलाच ना त्याले."

"माय, भोक ठेवलं तर मुंगूस येईल."

"माणूस घरी असताना मुंगूस जाळीत घुसते का? तू हाय ना इथं."

मला म्हणायचं होतं, त्या मुंगसासाठीच तर हे सगळं केलं. तळहातांना फोड आलेत ते कशासाठी? पण मला पोत्यावर झोपलेली माय दिसली. मी कात्री घेतली आणि स्वतःच्या हाताने जाळीला वीतभर रुंद, हातभर उंच वाट कापली. कडा दुमडल्या, म्हणजे त्या साहेबाच्या पिसांना तार लागू नये.

मला त्या क्षणाचा सगळ्यात जास्त राग येतो. माझ्या तोंडाने नाही म्हटलं नाही, पण माझ्या हातांना माहीत होतं.

काही दिवस काहीच झालं नाही. कोंबडा मालकासारखा आत यायचा, बाहेर जायचा. कोंबड्या अंड्यांवर आल्या. मीच स्वतःला म्हटलं, तू उगाच घाबरतेस, तुझा स्वभावच तो. गॅसच्या कामासाठी मी एका दुपारी मेहकरला गेले. एसटी उशिरा मिळाली. परत आले तेव्हा ऊन होतं आणि अंगणात फार शांत होतं. कडुनिंबाच्या फांदीवर कोंबडा एकटा बसून ओरडत होता.

आत पाच कोंबड्या पडल्या होत्या. खाल्ल्या नव्हत्या. मानेला दात लावून टाकल्या होत्या नुसत्या. एक त्या आडव्या कुडामागे होती, जिथे टोचलेलीला लपता यावं म्हणून मी जागा केली होती.

आधी, मोकळ्या असताना, मुंगूस एखादं पिल्लू न्यायचा आणि बाकीच्या चहूकडे उडायच्या. आता उडायला जागाच नव्हती. मी इतकं पक्कं बांधलं होतं. चारी बाजू बंद, वर बंद, खाली हातभर बंद, आणि येणाऱ्यासाठी एकच रस्ता.

पुतण्या आला. जाळीला हात लावून हलवून बघितली. "काम मजबूत हाय वहिनी, पण डिझाइनमध्ये मिस्टेक झाली ना. मले इचारलं असतं तं..."

मी त्याला म्हटलं, "भाऊजी, आता या आवारात तुम्हीच राहा. वाट मोठी करून देते." तो गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी न हसता त्याच्याशी बोलले होते.

माय शेतातून आली. मेलेल्या कोंबड्यांसाठी मी खड्डा खणताना तिने बघितलं. म्हणाली, "देवीनं आपलं राखलं बरं. तो वाचला."

आणि माझा आवाज चढला.

"देवीने काय राखलं? देवीने तर दार उघडं ठेवलं! मी सांगत होते. आठवी शिकले म्हणून मला कळत नाही का? मी चार दिवस बसून बघितलं, मला माहीत होतं, आणि तुमच्या एका शब्दावर मी ते कापलं!"

"आवाज खाली कर. लोक आयकून राह्यले."

"ऐकू देत. तो कोंबडा माझ्यासाठी सोडलाय ना? मग मला विचारा तरी!"

"तुले काय इचारायचं त्यात? कोंबडा माहा, बोलणं माहं, देवी माही. तू तं तापात पडली होती, तुले कोनाचं नाव बी सांगता येत नोतं."

खरं होतं ते. मी रडत जाळीचा तुकडा घेतला आणि ती वाट बंद केली. तार इतकी पिळली की पक्कडीने माझ्या बोटाचं कातडं धरलं. कोंबडा बाहेर होता. बाहेरच राहू दे म्हटलं. मायने अडवलं नाही. त्या रात्री ती रोजच्यासारखी माझ्याकडे भाकर घेऊन आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो जाळीला लागला. आत सहा कोंबड्या, बाहेर तो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकापर्यंत. दाणे टाकले तर बघायचा नाही. जाळीतून डोकं घालायचा, तुऱ्यातून रक्त यायला लागलं. मायने ओट्यावर बसून दिवसभर ते बघितलं. शेवटी, दोन दिवसांनी, ऊन कलताना ती उठली, आवाराचं दार तिने स्वतः उघडलं आणि बाजूला झाली.

तो आत गेला. सरळ सगळ्यात वरच्या दांडीवर जाऊन बसला.

माय वळली आणि पाठमोरी उभी राहिली. "म्या नाई कोंडला त्याले," ती समोरच्या रस्त्याला म्हणाली. "त्याचा तो गेला."

"मग दार?"

ती मोठ्याने खोकली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दार मी लावायचं. तिने कोंडला नाही, तो आपल्या पायाने गेला, आणि कडी लावणारी मी. नवस तिचा, मोडणार माझ्या हाताने. काय वकिली! सात गावच्या पंचांना सुचली नसती. मी कडी लावली.

तेव्हापासून रोज हेच. सकाळी दार उघडते ती, त्याला बाहेर सोडते, आणि त्याच्यामागे दार ओढून घेते. रात्र आत मिळते म्हणून दिवसा तो जाळीला लागत नाही. संध्याकाळी तो दाराशी येऊन उभा राहतो, ती उघडते, तो आत जातो, ती पाठ फिरवते आणि खोकते. कडी मी लावते. मुंगूस दोनदा उकरून गेला, जाळीला लागून परत गेला. कोंबड्या आता पुन्हा नऊ आहेत. आवार चांगलं आहे. गावातल्या दोघीजणी मोजमाप घेऊन गेल्या.

आणि मी रोज त्या कडीला घाबरते. मरीमायवर माझा विश्वास आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पण आपला जीव ज्यावर बोलला गेला, त्यावर रोज आपणच कडी घालायची, हे विश्वास नसलेल्या बाईनेही करून बघावं.

परवा मी म्हटलं, "माय, आज तुम्ही लावा."

ती पाठमोरीच होती. "माह्यानं नाई होत."

"का? तो काय बोलणारे तुम्हाला?"

"म्या लावली आन तुले काई झालं तं?" आता ती वळली. तिचे डोळे लाल होते. "एकटीनं बसली होती म्या तुह्यापाशी तिथं. डॉक्टर इचारे, हिचे लोक कुठी हायत. पुन्यांदा माह्यानं नाई होत ते."

"आणि मी लावल्यावर होत नाही का काही?"

"तूनं लावली तं देवी म्हणन, पोरीची गलती हाय, परकी हाय, तिले इथलं माहीत नाई. माफ करन तुले."

दोन वर्षं मी या गावात आहे. कडी अशी आपटली की सगळ्या कोंबड्या दांडीवरून फडफडत खाली आल्या. तो तेवढा जागचा हलला नाही.