वहीत लिहिलेली हार

काचबिंदूनं माझ्या वडलांची, आबांची नजर गेली, तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की मी त्यांना त्यांची फुटबॉलची, भारताच्या सामन्यांचे निकाल नोंदवलेली वही वाचून दाखवतो. तरुणपणी ते हैदराबादला छापखान्यात होते. जकार्ताच्या आशियाई खेळांत आपल्या संघानं सोनं जिंकलं, त्यातले काही खेळाडू हैदराबादचेच. वही तिथून सुरू होते. पुढं आबा अंकुशनगरच्या कारखान्यात लागले आणि वहीत हारच वाढत गेली. माझं अक्षर बरं, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचो.

वाचत वाचत मी विश्वचषकाच्या पात्रता फेरीपर्यंत आलो आणि थांबलो. बंगळूरला अरब अमिरातीशी सामना होता. आबा ड्यूटीवर, रेडिओवर निकाल ऐकायचं काम माझ्याकडं. मी दोस्तांबरोबर अंबडला गेल्तो. आबांनी विचारलं तेव्हा बिनधास्त बोललो, "हरलो. एक-शून्य." आपण हरणारच, ही खात्री होती. दुसऱ्या दिवशी पेपरच्या कोपऱ्यात बातमी दिसली. आपण जिंकलो होतो. तो पेपर मी भाकरीला गुंडाळून शेतात नेला आणि गप्प बसलो.

"वाच की," आबा म्हणाले. "का घसा बसला?"

"आबा, हे खोटं हाय. आपण जिंकल्तो. मी ऐकलंच न्हाई, मनानं सांगितलं. अन् दुसऱ्या दिवशी कळलं तरी बोललो न्हाई."

त्यांचा हात खाटेच्या कडेवर होता, तो तिथंच राहिला. मला वाटलं, आता वही परत मागतील.

"दुबईवाल्यांला हरवलं आपण?"

"एक-शून्य."

"मंग तीन गुण तिथं गेले व्हय! पेपरातला तक्ता अन् माझी वही जमंनाच. किती वेळा मोजलं. मला वाटलं, एखादी मॅच लिव्हायची राह्यली. डोकं कामातनं चाललं आपलं. तवापासून कुणाला काही छातीठोक सांगायचं भ्याव वाटायचं."

हे मला माहीतच नव्हतं. आबा बोलता बोलता थांबायचे, "बहुतेक" म्हणायचे, ते मी वयावर ढकललं होतं.

"चुकलं माझं, आबा."

"चुकलंच! जिंकलेली मॅच हरवली लेका तू. आपल्या टीमला बाहेरचे कमी हायेत का हरवायला?" मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "आगं, ऐकलं का? माझं डोकं बराबर हाय! येडं हे हाय, आपलं पोरगं!"

"ते मला कवाच ठाव हाय," आतून माय म्हणाली.

मी हसलो, आणि हसताना डोळे भरून आले. आबांनी ती ओळ खोडायला लावली, खाली खरं लिहायला लावलं. मग फेरीतले सगळे सामने एकेक करून वाचून घेतले आणि बोटांच्या पेरांवर गुण मोजले.

"जमलं," म्हणाले. "बिलकुल जमलं. आता पुढं वाच."