न उठणारा कॉम्प्युटर आणि लल्ला बतूल

कासाब्लांकाच्या दर्ब घल्लेफ बाजारात बतूलला सगळे मानानं लल्ला म्हणत, पण गिऱ्हाइकं तिला जरा वचकूनच असत. दुरुस्तीला यंत्र न्यावं, तर ही बाई आधी अर्धा तास प्रश्नच विचारणार. खोडच होती तिला. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आपोआप जोडणी करणारी कपाटं आली तेव्हा बाकीच्या मुली नोकरी जाणार म्हणून रडल्या, आणि ही इंजिनिअरच्या मागे लागली, "मग आता पलीकडचा माणूस शोधतं कोण?" त्यानं कंटाळून कपाटाचं मागचं दार उघडून दाखवलं. तेव्हापासून बतूल यंत्रांच्या पाठीमागेच रमली. साठी उलटली तरी तिथंच होती.

एका सकाळी सी मफद्दल, म्हणजे मफद्दलसाहेब, तिच्या दुकानी आले. निवृत्त भूगोलमास्तर. भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीत त्यांनी कॉम्प्युटर घालून आणला होता.

"दोन दुकानं झाली, लल्ला. डिस्क गेली म्हणतात. पुसून नव्यानं सगळं भरा म्हणतात."

"आहे काय तिच्यात?"

"हाका." मास्तर ओशाळले. "फेरीवाल्यांच्या. वीस वर्षं गल्लोगल्ली फिरून रेकॉर्ड केल्यात."

शेजारच्या गाळ्यातला मोबाइल दुरुस्तीवाला झुहैर खो खो हसला. "मास्तर, खिडकी उघडा की! फुकट ऐकू येतील."

"तू तुझ्या मोबाइलात डोकं घाल," बतूल म्हणाली आणि मास्तरांकडे वळली. "काय काय बदललंत? अगदी पहिल्यापासून सांगा."

मास्तरांनी सांगितलं. कॉम्प्युटर दहा वर्षांचा, फार रखडायचा. म्हणून एका कारागिरानं जास्त ताकदीचा प्रोसेसर बसवला. नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून त्याआधी बायोसही नवा घातला. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवतो, तो छोटा प्रोग्रॅम. तेव्हापासून पडद्यावर एकच पाटी: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

बतूलनं डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. साडेअकरा हजार फाइली जिथल्या तिथं. मास्तर पडद्याशी वाकून नावं वाचू लागले.

"मग गेलं काय?"

"तेच तर! डिस्क धडधाकट, आणि तरी हा म्हणतो सापडत नाही." बतूलचे डोळे चमकायला लागले होते. "जुना प्रोसेसर फेकला नाहीत ना?"

मास्तरांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. बतूलनं डिस्क परत त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली, पंखा उतरवला, नवा प्रोसेसर अलगद उचलला, जुना बसवला आणि बटण दाबलं. पुन्हा तीच पाटी.

"म्हणजे जुनाही बिघडला?" मास्तर घाबरले.

"अहो, उलट नवा सुटला! दोघांबरोबर एकच रड, मग दोष प्रोसेसरचा कसा? उरला बायोस."

झुहैर एव्हाना आपलं काम टाकून तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. बतूल बायोसच्या पानांवर सावकाश फिरू लागली. एका ओळीशी थांबली.

"ही विंडोज कुणी घातली होती?"

"मुलीनं. आधीच्या कॉम्प्युटरवरून जशीच्या तशी उतरवली होती."

"म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीची. हा बायोस नवा घातला तेव्हा आधीच्या सगळ्या निवडी पुसल्या गेल्या, आणि आता हा फक्त नव्या पद्धतीच्या डिस्कांनाच ओळख देतोय. तुमची समोर उभी आहे, पण हा बघतच नाही तिच्याकडे." तिनं जुनी पद्धत चालू करून निवड जपून ठेवली.

पडदा काळा झाला. मग विंडोज उघडली. बतूलनं सगळं बंद करून नवा प्रोसेसर परत बसवला, त्याची उष्णता पंख्याकडे नेणारा ताजा लेप लावला आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी पडदा झटक्यात उजळला.

"च्यायला, मीही पुसूनच टाकली असती," झुहैर पुटपुटला.

"माहितेय मला. मास्तर, काहीतरी ऐकवा बघू."

मास्तरांनी एक फाइल उघडली. दूरवरून एका म्हाताऱ्याचा लांबट, वर चढत जाणारा आवाज आला, मधे गाढवाच्या टापा. शब्द काही लागेनात.

"काय विकतोय हा?" बतूलनं विचारलं.

"ठाऊक नाही. मी वळणावर पोहोचेपर्यंत गेला होता."

"मीठ असेल," झुहैर म्हणाला.

"मिठाला एवढं कोण आळवतं?" बतूलनं स्टूल पुढं ओढलं. "पुन्हा लावा हो. आणि आवाज जरा वाढवा."