डोळ्यातला ठिपका

कुठलाही फोटो हातात आला की मामा आधी त्यातल्या माणसाच्या डोळ्यांवर अंगठा आडवा ठेवायचे. केस, कान, कॉलर, मागचा पडदा, सगळं नीट बघून घ्यायचे. मग अंगठा उचलायचे आणि म्हणायचे, "हां, आता बोला पावणं." हे ते गिऱ्हाइकाला म्हणायचे की फोटोतल्या माणसाला, ते मला कधी कळलं नाही.

शाहूपुरीत माझं नेट कॅफे होतं आणि शेजारच्या फोटो स्टुडिओत मामा, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची, फिनिशिंगचं, म्हणजे तयार फोटोवर ब्रशनं हात फिरवायचं काम करायचे. कॅमेऱ्याला त्यांनी कधी हात लावला नाही. बारीक ब्रश, काळा-पांढरा रंग आणि एक भिंग, एवढाच त्यांचा संसार. ब्रशचं टोक जिभेला लावून ते अणकुचीदार करायचे. त्यामुळे चारच्या चहाला माझ्याकडे येत तेव्हा त्यांची जीभ करडी झालेली असायची.

त्यांची ख्याती मात्र एकाच कामाची होती. लोक त्याला 'डोळे उघडून देणं' म्हणायचे. तुमच्या घरातही असा एखादा फोटो असेल, नीट बघा. पूर्वी कितीतरी माणसांचा जन्मात एकही फोटो निघत नसे. मग माणूस गेल्यावर, उचलायच्या आधी, खुर्चीत बसवून काढायचा. तो मिटलेल्या डोळ्यांचा फोटो घेऊन लोक मामांकडे यायचे. "ह्यांच्यावानी डोळे घरात कुणाचे?" एवढंच मामा विचारायचे आणि त्या मुलाला नाहीतर बहिणीला समोर बसवून कामाला लागायचे. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. "ठिपका दिला की माणूस बघाय लागतंय," ते म्हणायचे.

एकदा वारणानगरहून दोघे भाऊ आले. वडिलांचे डोळे उघडून झाले होते. थोरला बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाला, "झ्याक झालंय. पण आमचा आबा एवढ्या मायेनं कधी बघितला न्हाय. जरा राग घाला की ह्यात." मामांनी भुवया केसभर खाली आणल्या. फोटो परत हातात घेताच थोरला आपोआप ताठ उभा राहिला.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत माझ्या कॅफेत भुताच्या मेलची साथ आली होती. कुणीतरी परगावाहून पाठवायचं, इथले लोक ओरडत बघायचे आणि लगेच पुढे पाठवायचे. मामा चहा घेऊन मागे उभे राहायचे. "भ्या कुठं हाय, दावा," म्हणायचे आणि काचेवर अंगठा ठेवायचे. माझा मॉनिटर कायम त्यांच्या अंगठ्याच्या ठशांनी भरलेला असायचा.

दात विचकलेल्या, रक्त गळणाऱ्या चेहऱ्यांना ते हसायचे. "ह्यो दात दावतोय म्हंजे ह्याच्या मनातलं कळलं. कळलं की भ्या संपलं, मालक." मला ते थट्टेनं मालकच म्हणत. पण एकदा लग्नातला एक साधा ग्रुप फोटो आला, त्यापुढे मात्र ते थबकले. "सगळ्यांची सावली उजवीकडं पडलीया, ह्या एकट्याची डावीकडं. नजरेला कळतंय, डोस्क्याला कळत न्हाय. तिथं भ्या हाय." मेलमधल्या भुताच्या गोष्टींचंही त्यांनी असंच निदान केलं होतं. "गावाचं नाव हाय, गाडीचा रंग हाय, फुडं काय झालं तेवढंच न्हाय. ऱ्हायलेलं तुमी घरी जाऊन लिवताय."

एके दिवशी मामांनी कागदात गुंडाळलेला एक फोटो आणला. गल्लीत स्कॅनर माझ्या एकट्याकडेच होता. आठ-नऊ वर्षांची मुलगी खुर्चीत बसलेली, नवा फ्रॉक, दोन वेण्या, रिबिनी. फोटोला कोपऱ्यातून पांढरी बुरशी लागत होती. "घरात म्हणत्यात, जाईल एखाद्या दिवशी. नवा काढून घ्या." मुलीचे डोळे उघडे होते. त्यांत ठिपका नव्हता.

मग त्यांनी आपणच सांगितलं. ती त्यांचीच मुलगी, तापानं गेली. मामांचा फोटोच्या दुकानात जन्म गेला, पण उद्या काढू, उद्या काढू म्हणत तिचा एकही फोटो निघाला नव्हता. आईनं वेण्या घातल्या, खुर्चीत बसवलं. डोळे मामांनी रंगवले, बायकोला समोर बसवून. "ठिपक्यापाशी आलो आनि हात हालंना. दिला असता की ती माझ्याकडं बघाय लागली असती." फोटो घरी ट्रंकेतच राहिला.

मी स्कॅन केला, प्रिंट दिली. फाईल मात्र त्याच कॉम्प्युटरवर उघड्यावर राहिली. त्यावर दिवसभर येईल तो बसत होता.

वर्षभरानं ती मला मेलनं परत आली. खाली इंग्रजीत मजकूर. कुठल्याशा परदेशी गावातल्या बंद दवाखान्यात हा फोटो सापडला, दहा जणांना पाठवला नाही तर ही मुलगी आज तुमच्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसेल, वगैरे. मी बघत बसलो. मला काहीही वाटलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. चार वाजले होते. मागून चहाचा ग्लास टेबलावर ठेवल्याचं ऐकलं तरी माझा हात पडद्यावरची खिडकी बंद करायला गेला नाही.

"भ्या कुठं हाय, दावा."

आणि सवयीनं त्यांनी काचेवर अंगठा ठेवला. डोळे झाकले, म्हणून त्यांना आधी फ्रॉक दिसला. मग रिबिनी. त्यांनी अंगठा उचललाच नाही.

"खाली काय लिवलंय?"

मी वाचून अर्थ सांगितला.

"खाटंपाशी बसंल व्हय," ते म्हणाले. अंगठा तसाच ठेवून पुढे म्हणाले, "तिलाच अंधाराचं भ्या वाटायचं. परसाकडं जायला पन आईचा पदर लागायचा."

"मामा, माझ्याकडनंच गेला हो ह्यो फोटो."

"तुझ्याकडंच दिलता की मी." त्या दिवशी त्यांनी मला मालक म्हटलं नाही. "माघारी बोलवाय येतंय का?"

"न्हाय मामा."

ते गेले. ग्लासातल्या चहावर साय धरली. मला लाज वाटली ती दोन दिवसांनी, आणि ती अजून गेलेली नाही.

दोन-तीन दिवस ते आले नाहीत. मग एका सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा पायरीवरच बसलेले. "ठिपका द्यायचा हाय," म्हणाले.

मी फाईल उघडली आणि डोळे एवढे मोठे केले की पडद्यावर नुसते करडे चौकोन राहिले. मामांनी बोटाचं टोक जिभेला लावलं, मग माऊस धरला. "दार डाव्या हाताला होतं, उजेड तिकडनंच," स्वतःशीच म्हणाले. डाव्या बाजूला, जरा वर, एक चौकोन पांढरा केला. मग दुसऱ्या डोळ्यात. मी फोटो होता तेवढा केला. खुर्चीत बसून कंटाळलेली, चौथीतली एक मुलगी समोर बघत होती. मामा तिच्याकडे बघत राहिले आणि ती त्यांच्याकडे.

"आता ही पाठव. त्या पहिलीच्या मागनं ही जाऊ दे." खाली काय लिहू विचारलं तर त्यांनी नाव सांगितलं. "चौथीत होती, चिंचा आवडायच्या, असं लिव." माझ्याकडे होते तेवढे सगळे पत्ते घातले आणि पाठवून दिलं.

त्यानंतर रोज चारला एकच प्रश्न. "आली का ती फिरून?" मी नाही म्हणायचो. जुनी मात्र दोनदा आली, ते मी सांगितलं नाही. महिन्याभरानं त्यांनी आपणच विचारणं सोडलं. "भ्याच काढून टाकलं की आपण. आता कोण कशाला फुडं पाठवतंय." एखादा फोटो जास्त धुतला गेला तर सांगावं, तसं सांगितलं.

पुढे डिजिटल आलं, फिनिशिंगचं काम संपलं आणि थोड्याच दिवसांत मामाही. कसबा बावड्याला त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीवर त्यांचा फोटो, ओळखपत्रावरून मोठा केलेला. फ्लॅशचा ठिपका दोन्ही बुबुळांच्या बरोब्बर मध्ये. मामांनी तो पास केला नसता. शेजारी ठिपका दिलेली मुलगी, माझ्याकडनंच प्रिंट काढून नेलेली, ट्रंकेतून भिंतीवर आलेली. मामी म्हणाल्या, "आता घरात कुनीतरी बघतंय."

कॅफे बंद होऊन बरीच वर्षं झाली. जुना फोटो अजून येतो, आता मोबाइलवर. गावाचं नाव दर वेळी वेगळं असतं, मुलीचंही. कदाचित तुम्हालाही आला असेल. मी दर वेळी तिच्या डोळ्यांवर अंगठा ठेवायला जातो, नुसती रिबिनींची मुलगी दिसावी म्हणून. पण ह्या काचेला अंगठा लागला की फोटो सरकतो आणि डोळे उघडेच राहतात.